सहा चाळीसचा फोन

सोळावी ओळ तिनं दोनदा वाचली. पट्टी खाली सरकवायची वेळ झाली होती, पण ती तशीच धरून बसली.

"मो ताई, अडकलं का काही?" पलीकडच्या टेबलावरून ग्युरीनं विचारलं.

"नाही गं. चष्मा."

"बदला आता तो. परवा साहेबांना तुम्ही त्याच चष्म्यातून देखणे म्हणालात."

मो युन्सुक हसली आणि पट्टी सरकवली. सतरावी ओळ, टिंब. अठरावी, टिंब. हात सवयीनं चालत होता. सोळाव्या ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं.

इंचॉनमधल्या फोन कंपनीच्या ह्या चौथ्या मजल्यावर काम एकच होतं. तपास करणाऱ्या कचेऱ्यांकडून नंबरांची यादी यायची. हा फोन कोणाचा, तो कोणाचा, कळवा. यंत्र नंबरापुढे माहिती भरायचं: नाव, नागरिक क्रमांक, पत्ता, फोन सुरू केल्याची तारीख, बंद केला असल्यास ती तारीख. मग ती यादी छापून हाडामांसाच्या कोणीतरी एकेक ओळ तपासायची, टिंब द्यायचं आणि खाली शिक्का मारायचा. अकरा वर्षं ती हाडामांसाची कोणीतरी युन्सुक होती.

प्लास्टिकची पट्टी तिची स्वतःची. ओळीखाली धरली की पुढचं नाव दिसत नाही. ह्या ओळीतलंही नाव वाचायचं नाही, फक्त नंबर जुळतो का बघायचं, असा तिचा नेम होता. नेम तिला कोणी घालून दिला नव्हता. खानावळीत भांडी घासणाऱ्या बाईनं कोणी किती टाकलं हे बघू नये, तसा तो एक आपला आपण पाळायचा सभ्यपणा.

आणि गंमत म्हणजे ती नोकरीला लागली तेव्हा काम बरोब्बर उलटं होतं. एकवीस वर्षांची असताना ती एकशेचौदावर, म्हणजे चौकशीच्या नंबरावर, बसायची. लोक नाव सांगायचे, ती नंबर द्यायची. अमुक दवाखाना, तमुक शाळा, "अहो, आमच्या गावातले ते चो गुरुजी." दिवसाला हजारभर लोक, सगळ्यांशी गोड बोलायचं. आता नंबर सांगतात, ती नाव देते. गोड बोलायचं कारण उरलेलं नाही.

"त्या काळी घराघरात टेलिफोनची जाडी पुस्तकं असायची," बान साहेब नव्या मुलींना सांगायचे. "नाव, पत्ता, सगळं छापलेलं. कोणाच्या पोटात दुखत नव्हतं. ही खासगीपणाची थेरं आताची."

"आणि ताई, नाव-पत्ताच तर देतो आपण," ग्युरी म्हणायची. "सासू होणारी बाई पहिल्या भेटीत ह्याहून जास्त विचारते."

युन्सुकलाही ते पटायचं. निदान सोळाव्या ओळीपर्यंत पटत होतं.

त्या दिवशी तिनं नेम मोडला. पट्टी बाजूला ठेवली आणि अडतीसच्या अडतीस नावं वाचली. चौथ्या ओळीत हान ओकबुन. अकराव्या ओळीत बाजारातला चेन आणि बटणं विकणारा. सत्ताविसाव्या ओळीत एका शाळेतले सर, त्यांना ती एकदाच भेटली होती, एका अंत्यविधीला. हे सगळे एकमेकांना ओळखत नव्हते. ह्या सगळ्यांना फोन करणारं आणि ह्या सगळ्यांचे फोन घेणारं माणूस जगात एकच होतं: मा ग्योंगजा, युन्सुकची जुनी मैत्रीण. कुणीतरी ग्योंगजाताईच्या फोनचा हिशेब उघडून बसलं होतं, आणि आता ह्या नंबरांमागची माणसं कोण ते विचारत होतं. सोबतच्या पत्रात कारण एका शब्दाचं. तपास.

कशाचा तपास, ते युन्सुकला अंदाजानं कळलं. ग्योंगजाताईचा मुलगा सांगह्योक एका मोठ्या गोदामात रात्रपाळीला होता. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावर, जिथं पंखा नव्हता तिथं, खोकी उचलता उचलता पडला. सत्तावीस वर्षांचा. तेव्हापासून ताई कपडे दुरुस्तीचं दुकान दुपारी चारलाच बंद करते आणि तसल्याच दुसऱ्या आयांबरोबर फलक घेऊन फाटकाशी उभी राहते. मार्चमध्ये ह्या बायका मालकांच्या इमारतीत शिरून खाली लॉबीत बसल्या होत्या. तीन दिवस. सोबत भाताचे डबे आणि विणकाम.

एकोणीस मे. युन्सुकनं सोळाव्या ओळीवर टिंब दिलं, खाली शिक्का मारला आणि यादी पाठवून दिली.

न पाठवून काय केलं असतं? साहेबांना सांगितलं असतं, तर यादी ग्युरीनं तपासली असती. ताईला सांगितलं असतं, तर नोकरी गेली असती, आणि नोकरीवर भागलं असतं तर नशीब. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. हे सगळं तिनं बसमध्ये घरी जाताना मनात मांडलं. मांडणी चोख होती. तरी उतरायचा थांबा दोन थांबे मागे राहून गेला.

*

आता सहा चाळीसचं सांगायला हवं.

सांगह्योकची पाळी सकाळी साडेसहाला सुटायची. सहा चाळीसला तो फाटकाबाहेर येऊन आईला फोन करायचा. "निघालो." एवढंच. ताई मग तांदळाचा कुकर लावायची. तो गेल्यावर दिवसातले बाकी सगळे तास ताईनं कसेबसे बुजवले, शिलाई, फाटक, फलक. सहा चाळीस तेवढं उघडं राहिलं.

अंत्यविधीनंतर चाळीस-एक दिवसांनी, सप्टेंबरमधल्या एका सकाळी सहा चाळीसला युन्सुकचा फोन वाजला. ताई म्हणाली, "काही नाही गं. पुलावर आहे. वारा छान आहे." युन्सुक तेव्हा बसथांब्यावर होती. तिनं फोन ठेवला नाही. कोणता पूल ते विचारलं नाही. रस्ता ओलांडून टॅक्सीत बसली आणि बोलत राहिली, भावानं वाढवलेल्या पोटाबद्दल, शेजारणीच्या कुत्र्याबद्दल, कोबीच्या भावाबद्दल. तीन तास दहा मिनिटं. दुसऱ्या पुलावर ताई दिसली तरी तिनं फोन कानाचा काढला नाही. शेजारी जाऊन उभी राहिली, आणि दोघी बराच वेळ एकमेकींशी फोनवरच बोलत होत्या. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत न कळवता घेतलेली ती एकच रजा.

"मिरानला सांगायचं नाही," ताई तेव्हा म्हणाली. मिरान तिची मुलगी, सुवॉनला दिलेली. "कोणालाच नाही. देवालासुद्धा तू होऊन सांगू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून रोज सहा चाळीसला, बसथांब्यावरून, युन्सुक फोन करायची.

"जेवलीस का?"

"आत्ता कुठं? तू?"

"भात आणि कालचं सूप."

"कालचं? माणसं आहात का कोण."

बस आली की ठेवायचा. एखाद मिनिट, फार तर दोन. दीड वर्षावर झालं होतं, एकही दिवस चुकला नव्हता, नववर्षाच्या सणालासुद्धा.

आणि आता ते सगळं कुणाच्या तरी टेबलावर होतं. काय बोलल्या ते नव्हे. ते कुठं लिहून राहत नाही. पण रोज सहा चाळीस, रोज तोच नंबर, एक मिनिट. युन्सुकला वाटलं, तो तपासणारा माणूस काय समजला असेल? इतक्या वक्तशीर बायका, नक्की काहीतरी शिजवतायत. आणि मग नोंदींत वर वर जाताना त्याला ती एक ओळ सापडली असेल, तीन तास दहा मिनिटांची. त्यानं तिच्याखाली रेघ मारली असेल. पट्टी लावून मारली असेल, सरळ.

वीस मेला सकाळी ती बसथांब्यावर उभी राहिली आणि फोन काढला नाही.

ताईच्या भल्यासाठी, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणखी ओळी कशाला वाढवायच्या? अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे तिची निवृत्ती, तिचं नाव आणि साहेबांचा चेहरा.

दोन दिवसांनी स्टेशनातल्या सार्वजनिक फोनवरून करून बघितला. असला फोन अजून शिल्लक आहे ह्याचंच तिला नवल वाटलं. ताईनं उचलला नाही. अनोळखी नंबर ताई उचलत नाही, कुणीच उचलत नाही. सगळ्या देशाला भामट्यांचे फोन येतात, "सरकारी वकिलांच्या कचेरीतून बोलतोय, तुमचं खातं गुन्ह्यात सापडलंय." शेवटी रविवारी ती कलिंगड घेऊन दुकानात गेली.

"फोन नाही केलास," ताई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली.

"कान. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं कानाला यंत्र लावून बसलात, आता फोन कमी करा."

"कुठला?"

"काय कुठला?"

"कान गं."

"डावा," युन्सुक म्हणाली.

ताईनं मान हलवली. त्यानंतर विषय काढला नाही. रविवारी युन्सुक यायची, फळं आणायची, टीव्ही बघून जायची. ताई वाळत चालली होती. बाह्यांची शिवण उसवून पुन्हा घालायची, पुन्हा उसवायची. सकाळी सहा चाळीसला बसथांब्यावर युन्सुक घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न करायची, आणि त्या प्रयत्नातच रोज बरोब्बर सहा चाळीसला बघायची.

*

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ताईच्या घरी हिवाळ्याची किमची घालायची होती. चाळीस कोबी. आदल्या दिवशी मिठात घातलेले, सकाळी धुऊन निथळत ठेवलेले. स्वयंपाकघराच्या फरशीवर प्लास्टिक अंथरलं होतं, मधोमध लाल घमेलं, त्यात तिखट, मुळा, लसूण आणि खारवलेला जवळा कालवलेला. भोवती तिघी, कोपरापर्यंत गुलाबी रबरी हातमोजे: ताई, युन्सुक आणि हान ओकबुन. हानबाईंचीही मुलगी त्याच गोदामात दगावली होती. वय सत्तर, तोंड अखंड चालू.

"युन्सुक, पानागणिक मसाला लाव, रंग नको देऊस भिंतीला दिल्यासारखा," हानबाई म्हणाल्या. "आणि हो, तुला विचारायचंच होतं. तू फोनकंपनीतली ना? हे भामटे आता फारच शेफारलेत. मला काय मेसेज आला! 'तुमची माहिती मे महिन्यात तपासासाठी देण्यात आली आहे.' सरकारी वकिलांची कचेरी म्हणे! मी लगेच ब्लॉक केला. ज्येष्ठांच्या केंद्रात शिकवलंय आम्हाला, सरकारी वकील म्हटलं की ठेवून द्यायचा."

"मलाही आलाय," ताई म्हणाली. "वर कागदसुद्धा आलाय पोस्टानं. भामट्यांनी तिकिटाचा खर्च केलाय बघ. चेनवाल्यालाही आलाय. तो तर घाबरून दुकान बंद करून भावाकडे गेला." तिनं फडताळाकडे हनुवटी केली. "त्या चहाच्या डब्याखाली आहे. बघ तरी, युन्सुक. खरं का खोटं?"

तसाच कागद युन्सुकलाही आला होता. मंगळवारी. कळवायचं सहा महिने लांबवायची कायद्यानं मुभा आहे, ती त्यांनी पुरेपूर वापरली होती. तिनं तो घडी घालून हिवाळी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता, आणि कोट आत्ता ताईच्याच खुंटीवर होता.

तिनं एक हातमोजा काढला, कागद घेतला आणि वाचत असल्यासारखं केलं. दिलेली माहिती: नाव, नागरिक क्रमांक, पत्ता, फोन सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख. कोणी दिली: तिची कंपनी. कधी: एकोणीस मे.

"भामटे आहेत, फाडून टाक." चार शब्द. हानबाईंनी टाळी दिली असती, ताईनं कागद चुलीत घातला असता, किमची झाली असती. दोघी तिच्याकडे बघत होत्या, तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवून. हिला कळतं, ही फोनकंपनीतली.

"खरं आहे," युन्सुक म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच सरकारी आहे, ताई. तुझ्या फोनवरून कोणाकोणाशी बोलणं झालं ते त्यांनी बघितलं. आणि ज्यांच्याशी झालं त्यांची नावं मागवली."

"अगं बाई!" हानबाई म्हणाल्या. "आणि मी सरकारी वकिलांना ब्लॉक केलं!"

कुणी हसलं नाही. ताईनं मसाल्याचा हात तसाच हवेत धरला होता. ओठ हलत होते, काहीतरी मोजत असल्यासारखे.

"कागदावर एकोणीस मे," ती म्हणाली. "वीसला मिरानचा वाढदिवस. तिच्यासाठी समुद्री शेवाळाचं सूप लावलं होतं मी, आणि सहा चाळीसच्या फोनची वाट बघत बसले, तर सूप खाली लागलं." मग तिनं युन्सुककडे बघितलं. "तुझा कान कधी दुखायला लागला गं?"

युन्सुकनं कागदाची घडी घातली.

"हानबाई, मांस शिजलं का बघता? मागच्या अंगणात ठेवलंय," ताई म्हणाली. हानबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघून उठल्या. दार लागलं.

"यादी तुझ्याकडे आली होती?"

"हो."

"तुझंही नाव होतं?"

"सोळावं."

"मग काय केलंस?"

"टिंब दिलं. शिक्का मारला."

ताई पुन्हा कोबीकडे वळली. एक पान उचललं, मसाला लावला, दुसरं उचललं.

"पुलावरचंही दिसतं त्यांना?"

"बोललेलं नाही दिसत, ताई. किती वेळ ते दिसतं."

"तीन तास दहा मिनिटं."

"हो."

"मिरानला नाही सांगितलं मी. सांगह्योकच्या फोटोपुढे बसून त्यालासुद्धा नाही सांगितलं. आणि कुठल्या कचेरीतला कोण माणूस, चहा पीत पीत..." तिनं कोबी मुडपला, बाहेरच्या पानात गुंडाळला, डब्यात दाबून बसवला. "त्याला वाटलं असेल, गुप्त बैठक."

"तू कोबीच्या भावावरून भांडत होतीस माझ्याशी."

"तू चढे सांगत होतीस."

ताईनं पुढचा कोबी ओढला.

"नाव दिलंस त्याचं मी काही म्हणत नाही," ताई म्हणाली. "नोकरी आहे. त्या गोदामवाल्यांचे गणवेशसुद्धा शिवून दिलेत मी, सांगह्योक जायच्या आधी. पण फोन का बंद केलास? त्यांनी नाही केला बंद, युन्सुक. कागदात तसं कुठं लिहिलेलं नाही. तो तू केलास. मी सहा महिने फोन हातात घेऊन बसत होते. आधी वाटलं, कान. मग वाटलं, कंटाळली. बरोबर आहे, मेलेल्या पोराच्या आईचा कंटाळा येतो माणसांना."

"ताई..."

"मसाला संपव. वाळतोय."

थोड्या वेळानं तिनं खाली मान घालूनच विचारलं, "खोटं आहे म्हणाली असतीस तर फाडलं असतं मी. का नाही म्हणालीस?"

"खोटं बोलून बोलून कान खरंच दुखायला लागला होता."

"कुठला?"

"दोन्ही."

ताईच्या नाकातून एक आवाज निघाला. हसण्याचा होता की तिखट गेलं होतं, कळलं नाही. तेवढ्यात हानबाई मांसाचं भांडं घेऊन आल्या, आणि आता सरकारी वकिलांना अनब्लॉक कसं करायचं ते कोणीतरी दाखवा म्हणाल्या.

जेवताना ताई तिच्याशी बोलली नाही. दरवर्षी ती नव्या किमचीच्या पानात मांसाचा तुकडा गुंडाळून स्वतःच्या हातानं युन्सुकच्या तोंडात भरवते. ह्या वर्षी भरवला नाही. निघताना मात्र डबा पिशवीत घालून दारात ठेवलेला होता, नेहमीसारखा. ताई आत भांडी घासत होती. पाण्याचा आवाज मोठा ठेवून.

*

घरी येऊन युन्सुकनं किमचीच्या फ्रीजमध्ये जागा केली आणि डबा बाहेर काढला. दरवर्षी झाकणावर कागदी चिकटपट्टी असते आणि तिच्यावर ताईच्या जाड पेनानं लिहिलेलं असतं: युन्सुक. ह्या वर्षी पट्टी लांब होती, झाकणाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन ओळींत.

नाव: मो युन्सुक. पत्ता: चौथा मजला, जिन्याचा दिवा गेलेला. सुरू केल्याची तारीख: शिवणाच्या वर्गात, सत्त्याण्णव, पावसाळी दिवस, माझी कात्री न विचारता घेतलीस तेव्हा.

बंद केल्याची तारीख:

त्यापुढे काही नव्हतं. पट्टी मात्र फाडली नव्हती, कोरीच पुढे चिकटवून आणली होती, झाकणाच्या टोकापर्यंत.

युन्सुक फ्रीजचं दार उघडं ठेवून बराच वेळ उभी राहिली. फ्रीज शेवटी कुरकुरायला लागला, तेव्हा तिनं डबा आत ठेवला. झाकण वर येईल असा.

सोमवारी बसथांब्यावर कडाक्याची थंडी होती. तिनं हातमोजा काढला, स्वतःचाच फोन काढला. यादीतला सोळावा. सहा चाळीस झाले, आणि तिनं नंबर लावला.

सहा वेळा वाजला. सातव्यांदा उचलला गेला. पलीकडून कुणी बोललं नाही. फक्त कुकरची वाफ ऐकू येत होती.

"जेवलीस का?" युन्सुकनं विचारलं.

वाफ.

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हर तिला रोज बघणारा, तो थांबला.

युन्सुकनं त्याला हातानं जा म्हणून खूण केली आणि फोन उजव्या कानाचा डाव्या कानाला लावला.